विपश्यना आणि मौन शिबिरं : आत बसल्यावर नक्की काय करायचं असतं?

धागाकर्ता : पाणवठा

विपश्यनेची चौकशी केली की उत्तरं बहुतेक वेळा एकाच वळणाची येतात. दहा दिवस बोलायचं नाही, फोन जमा करायचा, पहाटे चारला उठायचं. हे सगळं ढोबळमानाने खरं आहे, पण हा झाला बाहेरचा मांडव. आत बसून मनाने काय करायचं ते यात कुठेच येत नाही. ते न कळता गेलेला माणूस तीन दिवस श्वासाशी झटापट करतो आणि चौथ्या दिवशी ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून मोकळा होतो. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

मूळ पाली शब्द ‘विपस्सना’. ‘पस्सना’ म्हणजे पाहणं आणि ‘वि’ म्हणजे विशेष रीतीने, सुटं सुटं करून. एखाद्या आलंबनावर (मन टेकवायच्या विषयावर) मन टिकवणं ही ‘समथ’ साधना. विपश्यनेत मन आधी थोडं स्थिर करून घ्यायचं आणि मग त्या मनाने शरीरात आणि मनात आत्ता जे चाललंय ते, आपल्या पदरचं काही न घालता, पाहत राहायचं. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात (मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातलं 10वं, मोठा पाठ दीघ निकायातलं 22वं) पाहण्याची चार क्षेत्रं दिली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म (इथे अर्थ मनात येणारे विषय).

इथे मराठी माणसाची एक हमखास गल्लत होते. आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणं. पालीत वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कुठलीही जाणीव. कपाळावरून वाऱ्याची झुळूक गेली तीही वेदनाच. शिबिरात ‘वेदना पाहा’ किंवा ‘संवेदना पाहा’ म्हणतात तेव्हा दुखणं शोधायला सांगत नसतात.

गाभा एवढाच आहे. स्पर्श (फस्स) होतो, त्यातून वेदना, वेदनेतून तृष्णा (तण्हा). कानाशी डास गुणगुणला : आवाज कानावर पडला हा स्पर्श, नकोसं वाटलं ही वेदना, हाकलायला हात उचलला जाण्याआधी मनात आलेली उसळी म्हणजे तण्हा. हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला एकच घटना वाटते. वेदना आणि तण्हा यांच्या मधली फट दिसू लागणं आणि तिथे थांबता येणं, सगळी पद्धत यासाठी आहे. मौन, दिनक्रम, नियम ही त्याची अवजारं. अवजारांबद्दलच बोलत राहिलो तर काम बाजूला राहतं.

दिनक्रम एकदा देऊन टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतल्या 10 दिवसांच्या शिबिराचा हा सर्वसाधारण क्रम :

पहाटे 4 ला घंटा. 4:30 ते 6:30 साधना, मग न्याहारी. 8 ते 9 सामूहिक साधना, पुढे 11 पर्यंत साधना. 11 ला जेवण, 12 ते 1 विश्रांती आणि याच वेळात आचार्यांना प्रश्न. 1 ते 5 साधना, त्यात 2:30 ते 3:30 सामूहिक. 5 ला चहा-फळं (जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकांना फक्त लिंबूपाणी). 6 ते 7 सामूहिक, 7 ते 8:15 प्रवचन, 9 पर्यंत पुन्हा साधना. 9:30 ला दिवे बंद.

बैठकींची बेरीज दहा तासांच्या वर जाते. शिबिर 10 दिवसांचं म्हटलं तरी आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं असतं, म्हणून 12 तारखा मोकळ्या ठेवाव्या लागतात. शुल्क नसतं. दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात.

——

चकमक :

चांगला धागा. पहिल्या साडेतीन दिवसांत आणि नंतर नेमकं काय करतात, ते टप्प्याटप्प्याने कोणी सांगेल का? आणि ‘श्वास पाहायला लागलं की श्वास बिघडतो’ ही तक्रार फार जणांची असते, त्याचं काय करायचं?

——

उंबरा :

चकमक, पहिले साडेतीन दिवस आनापान. म्हणजे नैसर्गिक श्वास जाणणं. मोजायचं नाही, नाम जोडायचं नाही, कल्पना करायची नाही. दीर्घ असेल तर दीर्घ, आखूड असेल तर आखूड. पहिल्या दिवशी श्वास आत येतोय, बाहेर जातोय एवढंच. दुसऱ्या दिवशी तो कुठे लागतो हे पाहायचं : नाकपुडीच्या आत, कडेला, वरच्या ओठावर. तिसऱ्या दिवशी नाक आणि वरचा ओठ एवढ्या त्रिकोणात श्वासाखेरीज ज्या संवेदना आहेत (ऊब, खाज, फडफड, ओलसरपणा) त्याही टिपायच्या, आणि मग क्षेत्र आणखी आवळत नाकपुड्यांखाली वरच्या ओठापर्यंत आणायचं. क्षेत्र लहान करण्याला कारण आहे. जागा जितकी लहान तितकं मन बारीक काम करायला शिकतं, आणि पुढे साऱ्या शरीरात बारीक संवेदना ओळखायची तयारी होते.

श्वास बिघडतो म्हणजे आपण नकळत तो चालवू लागतो. उपाय : उच्छ्वास पूर्ण होऊ द्यावा आणि पुढचा श्वास ओढू नये. थांबावं. तो आपोआप येतोच. असे आठ-दहा श्वास गेले की ताबा सुटतो. उलट अडचण, श्वास जाणवतच नाही, अशी असेल तर काही श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यावेत आणि लगेच सोडून द्यावं. जोराचा श्वास ही सवय करायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारनंतर विपश्यना सुरू होते. आता लक्ष टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत क्रमाने न्यायचं. दोन-तीन इंचांचा एकेक तुकडा, कुठलीही जागा न वगळता. टाळू, डोकं, चेहरा, एक हात, दुसरा हात, गळा, छाती, पोट, पाठ, एक पाय, दुसरा पाय. नंतर उलट दिशेने. प्रत्येक जागी जी संवेदना मिळेल ती चालते. कपड्याचा स्पर्श, घाम, दाब, ठणका, मुंग्या, गरमी. निवडायची नाही. मिळाली की पुढे. जिथे काहीच जाणवत नाही तिथे फार तर मिनिटभर थांबायचं आणि पुढे सरकायचं, पुढच्या फेरीत पुन्हा पाहायचं.

चुकतं ते इथेच. माणसं ‘रिकाम्या’ जागेवर अडून बसतात, नाहीतर तिथे संवेदना कल्पनेने तयार करतात. काही जण दोन मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत पोचतात. ती फेरी नव्हे, नजर फिरवणं झालं. सुरुवातीला एका फेरीला दहाएक मिनिटं लागली तर ते योग्यच आहे.

——

सायली_क :

आणि समता कुठे आली यात? फक्त फेऱ्या मारल्या की शरीराची उजळणी होईल, विपश्यना नव्हे.

——

उंबरा :

बरोबर पकडलंत, ते राहून गेलं. जाणणं आणि समता हे दोन्ही एकाच वेळी हवेत. संवेदना कळली, ती बदलतेय हे कळलं (अनिच्च), आणि तिच्यावर ‘हवी’ किंवा ‘नको’ असा शिक्का मारला नाही, तर ते काम झालं. नुसती संवेदना मिळाली पण मन खूश झालं किंवा कुढलं, तर मनाची जुनी सवयच पक्की केली.

दुखण्यावर समता ठेवायला माणसं तयारीने येतात. सुखद संवेदनेवर समता ठेवायची असते हे मात्र विसरतात. सहाव्या-सातव्या दिवशी काहींना अंगभर बारीक तरंगांचा सलग प्रवाह जाणवतो. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा आणायची धडपड सुरू होते आणि गुडघ्याचा ठणका आला की ‘साधना घसरली’ वाटतं. घसरलेलं काही नसतं. प्रवाहाची ओढ लागली होती, ती उघडी पडली.

——

पाणवठा :

उंबरा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड. ही अडचण जुनीच आहे. पाली भाष्यकार बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात विपश्यनेची दहा ‘उपक्किलेसं’, म्हणजे मलिनता, दिली आहेत : प्रकाश दिसणं, तल्लख ज्ञान, प्रीती, शांतता, सुख, दृढ श्रद्धा, उत्साह, स्पष्ट स्मृती, उपेक्षा आणि शेवटची निकन्ती. पहिल्या नऊ गोष्टी स्वतःहून वाईट नाहीत, उलट चांगल्या साधनेत त्या येतातच. मलिनता येते ती दहाव्यामुळे. निकन्ती म्हणजे त्या अनुभवाबद्दलची अगदी सूक्ष्म गोडी, ‘पोचलो आपण’ हा भाव. म्हणून प्रकाश दिसला तर तोही ‘दिसलं’ एवढंच जाणून पुढे जायचं. आचार्यांना सांगितल्यावर त्यांनी फारसं कौतुक केलं नाही तर नाराज होऊ नये. त्यांनी कौतुक न करणं हीच तिथली मदत असते.

——

गोफण :

महासी सयाडोंच्या, म्हणजे मनात नोंद घेण्याच्या, पद्धतीबद्दलही लिहा ना. अनेक मौन शिबिरं त्या पद्धतीने होतात आणि तिथला दिनक्रम पूर्ण वेगळा असतो. दोन्हींचा उगम म्यानमारचाच ना?

——

तळटीप :

हो, दोन्ही तिथल्याच. एक धारा लेडी सयाडो (1846–1923) या भिक्षूंची (सयाडो ही बर्मी भिक्षू-आचार्यांची उपाधी), त्यांच्याकडून सया थेटजी हे शेतकरी गृहस्थ, मग सयाजी ऊ बा खिन (1899–1971), जे सरकारी नोकरीत महालेखापाल होते, आणि त्यांच्याकडून गोयंका (1924–2013). गोयंका 1969 मध्ये भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरं सुरू झाली. थेटजींपासून पुढे गृहस्थांनी गृहस्थांना शिकवण्याची ही परंपरा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. दुसरी धारा महासी सयाडो (1904–1982) यांची. ते भिक्षू. 1949 मध्ये ते रंगूनच्या केंद्रावर शिकवायला आले आणि तिथून ही पद्धत पसरली. अमेरिकेतल्या बॅरी इथली इनसाइट मेडिटेशन सोसायटी (स्थापना 1975) मुख्यतः याच धारेतून वाढली, तिथलं दरवर्षीचं मौन शिबिर तीन महिन्यांचं असतं.

आता पद्धत.

बैठकीचं आलंबन पोट. श्वासाबरोबर ते वर येतं, खाली जातं. मनात हलकेच नोंद : ‘फुगतंय’, ‘ओसरतंय’. विचार आला, ‘विचार’. आवाज, ‘ऐकू येतंय’. दुखलं, ‘दुखतंय’, आणि दुखणं वाढतं, सरकतं, थांबतं का हे पाहायचं. ते ओसरलं की पुन्हा पोटाकडे. नोंद म्हणजे लेबल चिकटवणं नव्हे. शब्द अगदी हळू, पाठीमागून आल्यासारखा हवा, आणि बहुतेक लक्ष प्रत्यक्ष घटनेवर. नोंद एखाद्या मंत्रासारखी तालात चालू राहिली आणि पोट कुठल्या कुठे, तर नोंद काही वेळ बंद ठेवून नुसतं पाहावं.

या पद्धतीत चंक्रमण, म्हणजे चालण्याची साधना, बैठकीइतकीच महत्त्वाची. साधारण एक तास चालणं, एक तास बसणं, असा दिवसभर आलटून-पालटून क्रम. 10 ते 15 पावलांचा सरळ पट्टा निवडायचा. नजर पावलांवर नाही, दोन मीटर पुढे जमिनीवर. हात पुढे किंवा मागे एकमेकांत धरलेले. पहिली वीस मिनिटं साध्या चालीने ‘डावा’, ‘उजवा’. मग हळू होत ‘उचल’, ‘टेक’. नंतर ‘उचल’, ‘पुढे’, ‘टेक’. आणखी मन जुळलं की पाऊल सहा भागांत दिसतं : टाच सुटणं, उचलणं, पुढे नेणं, खाली आणणं, स्पर्श, दाब. पट्ट्याच्या टोकाला थांबून ‘उभं’ जाणायचं, मग ‘वळणं’.

तोल जातो तो बहुधा पावलं एका रेषेत टाकल्यामुळे. दोरीवरून चालायचं नाही. पावलांत नेहमीइतकंच अंतर ठेवावं आणि पाऊल लहान घ्यावं. सुरुवातीपासून अतिहळू चालणारे दहा मिनिटांत कंटाळतात. वेग मनाच्या पकडीप्रमाणे कमी करायचा, दाखवायला नाही.

दिवसाआड किंवा रोज आचार्यांशी पाच-दहा मिनिटं बोलणं असतं. तिथे आयुष्याची हकिकत नको. तीनच गोष्टी सांगाव्यात : काय आलं, ते कसं जाणलं, जाणल्यावर त्याचं काय झालं. ‘छान चाललंय’ या वाक्यावरून कोणालाच काही मार्गदर्शन करता येत नाही.

——

काटकोन :

बसण्याबद्दल लिहितो, कारण निम्मी शिबिरं गुडघ्यांवर वाया जातात.

कंबर गुडघ्यांपेक्षा उंच हवी. ती उंच झाली की ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं आणि पाठ स्नायूंच्या जोरावर धरून ठेवावी लागत नाही. बहुतेकांना 10 ते 15 सेंटिमीटरची घट्ट बैठक पुरते. मांड्या आखडलेल्या असतील तर आणखी उंच. स्पंजची मऊ उशी दहा मिनिटांत बसते, तिचा उपयोग नाही. गुडघे दोन्ही टेकले पाहिजेत. एक अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी घातलेलं कापड ठेवा, नाहीतर त्या बाजूची कंबर रात्री ठणकेल.

पद्मासनाचा हट्ट धरू नये. पाय दुमडून, पावलं एकमेकांवर न ठेवता एकापुढे एक जमिनीवर टेकवायची, ही बर्मी बैठक सर्वात सुरक्षित. वज्रासनासारखं बसायचं असेल तर दोन्ही पायांमध्ये उभी उशी किंवा छोटं लाकडी बाकडं घ्या म्हणजे घोट्यावर वजन येत नाही. खुर्ची घ्यायलाही कमीपणा नाही. फक्त पाठ टेकू नये, पावलं पूर्ण जमिनीवर असावीत.

पाठ कुठे दुखते त्यावरून चूक कळते. कमरेच्या खालच्या भागात, पोकळी पडून दुखत असेल तर बैठक जास्त उंच आहे. पाठीच्या मधोमध आणि मानेत दुखत असेल तर कमी उंच आहे, तुम्ही पोक काढून बसताय.

पाय बधिर होतो तो मुख्यतः मज्जातंतू दाबला गेल्याने. उठल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ववत होत असेल तर चिंता नाही, पण बधिर पायावर एकदम उभं राहू नका. घोटा मुरगळतो. उठल्यावरही गुडघ्याच्या आत टोचल्यासारखं दुखत राहिलं, किंवा पावलाचा पुढचा भाग उचलता येईना, तर ती बैठक त्याच क्षणी सोडायची आणि व्यवस्थापनाला सांगायचं. ही समता ठेवायची जागा नव्हे. सांध्याला इजा करून प्रज्ञा येत नाही.

——

चकमक :

काटकोन, पण अधिष्ठानाच्या बैठकीत हलायचंच नसतं ना?

——

काटकोन :

चौथ्या दिवसानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठकींत, म्हणजे एकेक तास, डोळे, हात आणि पाय न उघडण्याचा निश्चय करायला सांगतात. शब्द निश्चय आहे, शिक्षा नाही. जमेल तितका प्रयत्न करायचा. पहिल्या दिवशी तीनदा बदल झाला, पुढे दोनदा, मग एकदा, असं होत जातं. बदलण्यापूर्वी एक करावं : हलण्याची इच्छा आल्यावर मिनिटभर ती इच्छाच पाहावी. दुखणं एका जागी असतं आणि ‘आता सहन होणार नाही’ हा विचार भलतीकडे, हे वेगळं दिसतं. बाकीच्या वेळेत आसन बदलायला पूर्ण मोकळीक आहे. उरलेले सात तासही दगडासारखे बसणारे स्वतःचंच नुकसान करून घेतात.

——

मृगशीर्ष :

झोपेचं काय? दुपारी 1 ते 2:30 ची बैठक आणि पहाटेची बैठक, या दोन्हींत पेंग येते.

——

तळटीप :

आधी पोट तपासा. न्याहारी आणि 11 चं जेवण, दोन्ही वेळा संध्याकाळी खायला मिळणार नाही या धास्तीने माणसं जास्त खातात. पोटाचा पाऊण भाग भरेल इतकंच खावं.

दुसरं, एरवी चहा-कॉफी भरपूर घेणाऱ्यांना पहिले दोन दिवस पेंग आणि डोकेदुखी येते. त्याचं खापर ध्यानावर फुटतं. कॅफीन तुटल्यावर 12 ते 24 तासांत डोकं दुखू लागतं, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतं, आणि हा त्रास 2 ते 9 दिवस टिकू शकतो. म्हणजे जवळजवळ सगळं शिबिर. जाण्याआधी दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी प्रमाण थोडं थोडं कमी करत जा. तंबाखूचंही तसंच, ती आत चालत नाही. तिथे जाऊन एकदम सोडू असं ठरवू नका.

तिसरं, खरी पेंग, जिला थीनमिद्ध म्हणतात. ती पाच नीवरणांपैकी, म्हणजे मनाच्या अडथळ्यांपैकी, एक. (बाकीची : कामच्छंद म्हणजे विषयसुखाची ओढ, व्यापाद म्हणजे द्वेष, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे चलबिचल आणि हळहळ, आणि विचिकिच्छा म्हणजे शंका.) शिष्य मोग्गल्लानांना ध्यानात पेंग येत असताना बुद्धांनी चढत्या क्रमाने उपाय सांगितल्याचं अंगुत्तर निकायात आहे, आणि तो क्रम आजही तसाच कामाला येतो : ज्या विचारात पेंग येते तो सोडणं, शिकलेल्या धम्माचं चिंतन, त्याचं पठण, कान ओढणं आणि अंग चोळणं, उठून डोळ्यांना पाणी लावून आकाशाकडे पाहणं, मनात उजेडाची जाणीव धरणं, चालणं. इतकं करूनही गेली नाही तर उजव्या कुशीवर झोपावं, पण उठायची वेळ मनात ठरवून. शेवटचा उपाय झोप हाच आहे. थकलेल्या शरीराशी भांडण नाही. (मौन शिबिरात पठण अर्थातच मनातल्या मनात.)

उलट अडचण, मन भिरभिरतंय, ती उत्साह जास्त आणि समाधी कमी झाल्याची खूण. तेव्हा चालणं कमी, बसणं जास्त, आणि आलंबन रुंद. पेंग असेल तर चालणं जास्त, आलंबन बारीक.

——

सायली_क :

मौनाबद्दल दोन गोष्टी. आर्यमौन म्हणजे तोंड बंद एवढंच नाही. खुणा, नजरानजर, चिठ्ठ्या, हसून दाद देणं, हेही बंद. वाचन-लेखनही नाही. आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापनाशी गरजेपुरतं बोलता येतं, आणि बोलावंच. गळणारा नळ, न मिळालेलं औषध, हे मनात ठेवून बसणं म्हणजे मौन नव्हे.

यामागचं कारण साधं आहे. दोन साधक बोलले की तुलना सुरू. एकाला प्रवाह जाणवतो, दुसऱ्याला फक्त पाठदुखी, आणि दुसरा संध्याकाळपर्यंत पहिल्याच्या अनुभवाच्या मागे लागतो. शिवाय पंचशीलातलं खोटं न बोलणं हे बोलतच नसल्यामुळे आपोआप पाळलं जातं.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवल्यावर मौन सुटतं. तो एक दिवस मुद्दाम ठेवलेला असतो. थेट शांततेतून रस्त्यावरच्या गोंगाटात गेलं की त्रास होतो. त्या दिवशी मन सुसाट सुटतं, बोलून बोलून डोकं दुखतं आणि संध्याकाळची बैठक पार विस्कटते. ते अपेक्षितच आहे.

——

धीमे_पाऊल :

एक महत्त्वाचा भाग अजून आला नाही : कोणी जाऊ नये, आणि आत काही बिघडलं तर काय.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, मनोविकृतीचा झटका पूर्वी येऊन गेलेला, तीव्र नैराश्य, आघातानंतरचा ताण, नुकतंच सोडलेलं व्यसन : यांपैकी काही असेल तर रोज दहा तास बसायच्या मौन शिबिराने सुरुवात करू नये. आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलावं आणि अर्जात सगळं खरं लिहावं. अर्जातले ते रकाने तुम्हाला वगळायला नाहीत, तुमच्या सुरक्षेसाठी आहेत. लपवून प्रवेश मिळवला तर आचार्यांना तुम्हाला मदत करता येत नाही. मनाची असोत वा शरीराची, चालू औषधं शिबिरासाठी बंद करायची नाहीत. 12 दिवस पुरतील एवढी बरोबर न्यावीत. मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर संध्याकाळच्या खाण्याबद्दल आधीच कळवावं.

आता धोक्याच्या खुणा. रडू येणं, जुन्या आठवणी, राग, विचित्र स्वप्नं, हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. पण सलग दोन रात्री जवळजवळ झोप नाही आणि तरी थकवा नाही, विचारांचा वेग आवरत नाही, ‘मला खास संदेश मिळतोय’ असं वाटू लागतं, भोवतालचं जग खोटं वाटतं, भीतीची लाट बैठक संपल्यावरही उतरत नाही, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, तर त्याच क्षणी आचार्यांना सांगायचं. ‘शुद्धी होतेय’ असं म्हणून दामटून पुढे जायचं नाही.

आणि सूक्ष्म साधना थांबवायची. डोळे उघडे, बाहेर मोकळ्या जागी चालणं, तळव्याखालची जमीन जाणवणं, भोवतीच्या वस्तू पाहणं, संध्याकाळीही खाणं, झोप, घरच्यांशी बोलणं, गरज असेल तर डॉक्टर. शिबिर सोडावं लागलं तर सोडावं. पूर्ण करण्याची बांधिलकी साधारण कंटाळ्यासाठी आणि पाठदुखीसाठी आहे, आजारपणासाठी नाही.

आघात सोसलेल्यांनी छाती-पोटावर लक्ष नेताना घुसमट होत असेल तर हात, तळवे किंवा बाहेरचे आवाज हे आलंबन घ्यावं. आत शिरण्याचा आग्रह नको.

——

गोफण :

दोन्ही पद्धती एकत्र केल्या तर? म्हणजे शरीरात फेरी मारतानाच नोंदही घ्यायची.

——

उंबरा :

माझ्या मते नको, निदान एकाच शिबिरात तरी. फेरीत तुम्ही लक्ष नेता. नोंदीत जे ठळक आहे ते तुमचं लक्ष नेतं. दोन्ही एकदम केलं की जिथे अवघड वाटेल तिथून दुसऱ्या पद्धतीत पळ काढायची सवय लागते, आणि पळ काढणं हीच तर तण्हा.

——

तळटीप :

उंबरांशी बहुतांशी सहमत. फक्त एक : नोंदीच्या परंपरेत आवाज, विचार, मनाचा रंग हे सगळं उघडपणे आलंबन असतं. ज्यांना शरीराकडे पाहणंच जड जातं त्यांना ते सोयीचं पडतं. दोन्हींपैकी एक श्रेष्ठ, अशी मांडणी मला पटत नाही. पण निवडल्यावर पूर्ण शिबिर एकीलाच द्यावं, इथे दुमत नाही.

——

मृगशीर्ष :

शिबिराला लगेच जाता येणार नसेल तर घरी किती आणि कसं?

——

पाणवठा :

फक्त आनापान. रोज 20 मिनिटं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. गजर लावून घड्याळ पाठीमागे ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं बैठक नीट करण्यात आणि चेहरा, जबडा, खांदे सैल सोडण्यात जाऊ द्या. मग नाकपुड्यांपाशी श्वास. मन गेलं हे कळलं तो क्षण चुकीचा नाही, तोच जागेपणाचा क्षण. चिडचिड न करता परत या. 20 मिनिटांत पन्नास वेळा परत आलात तर पन्नास वेळा सराव झाला.

कपाळात किंवा डोळ्यांमागे ताण येतो तो बहुधा मिटलेले डोळे नकळत नाकाच्या शेंड्याकडे वळल्याने. बुबुळं खाली सोडा, दोन्ही हातांचे तळवे मिनिटभर जाणा, मग परत या.

संवेदनांच्या फेऱ्या पुस्तक किंवा ध्वनिफीत ऐकून घरी सुरू करू नयेत, असं माझं ठाम मत. शंका विचारायला कोणी नसतं आणि चुकीची सवय घट्ट बसते. शिबिर झालेल्यांसाठी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास सांगितलेलं आहे, शिवाय झोपताना आणि उठल्यावर पाच मिनिटं. दोन तास टिकवणं अवघड जातं. तुटलंच तर सकाळचा तास वाचवा.

——

चकमक :

बरोबर काय न्यावं, आणि अकराव्या दिवशी तिथून थेट कामावर जाता येतं का?

——

सायली_क :

सैल, न सळसळणारे कपडे. सिंथेटिक कपड्यांचा आवाज सभागृहात शेवटपर्यंत पोचतो. पहाटेसाठी शाल. फोन जमा होतो म्हणून साधं गजराचं घड्याळ, विजेरी. रोजची औषधं. स्वतःची उशी सवयीची असेल तर ती. सुगंधी तेल-अत्तर, दागिने, माळ, पोथी, वही घरी ठेवा.

थेट कामावर नको. एक दिवस मोकळा ठेवा. आवाज, उजेड, गर्दी नेहमीपेक्षा तीव्र वाटतात, आणि स्वतः लांबवर गाडी चालवत परतणं टाळावं. नोकरी सोडणं, नातं तोडणं असे निर्णय त्या भरात मनात येतात, ते किमान दोन आठवडे पुढे ढकला. घरच्यांना विपश्यना समजावत बसू नका, त्यांनी विचारलं तर सांगा. आणि पहिली बैठक दुसऱ्या दिवसावर टाकू नका. त्याच संध्याकाळी, बॅग उघडायच्या आधी.